अनुमोदक

गंगापूर. बाजार समितीच्या आवारात मक्याचे ढीग लागलेत. बाहेर लिलावाचा पुकारा चाललाय, आत मासिक सभा. ओळखीच्या एका संचालकांच्या मेहेरबानीनं मी कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसलोय.

सचिव रजिस्टरातल्या सह्या मोजतात. गणसंख्या भरते. अशा समितीचं गणित ठरलेलं: सेवा सोसायट्यांतून 11, ग्रामपंचायतींतून 4, अडते-व्यापाऱ्यांचे 2 आणि हमाल-मापाड्यांचा 1. अठरांत एक! तो दाराजवळ बसलाय, खांद्यावर उपरणं.

मागचं इतिवृत्त वाचून कायम होतं. चहा येतो. मग परवाने. वकिलाची सनद, डॉक्टरची नोंदणी मुंबईत ठरते. अडत्याचा, मापाड्याचा परवाना मात्र इथंच, त्याच्या काट्यापासून शंभर पावलांवर. 1963च्या कायद्यानं तो अधिकार समितीला दिलाय. नावं भराभर पुढं सरकतात. "मंजूर." "मंजूर."

एका अडत्याच्या नावाशी सचिव थांबतात. दोन शेतकऱ्यांचे तक्रारअर्ज आहेत, पट्टी फाडली पण पैसे नाहीत.

"मागंपुढं होतंच की हो," एक व्यापारी संचालक.

"पैसे त्याच दिवशी द्यायचे असा नियम आहे," सोसायटीकडचे एक भडकतात. "तुमच्या मागंपुढं होण्यात आमची पेरणी राहते!"

"मग रद्दच करा परवाना!" पलीकडून आवाज.

सचिव शांतपणे सांगतात, "तसं करता येत नाही, साहेब. आधी नोटीस, मग त्यांचं म्हणणं, मग कारणासकट ठराव. नाहीतर अपिलात आपणच अडकू." सचिवांना मत नाही, पण सभा कायद्याच्या रुळावर ठेवतात तेच.

दाराजवळचा मापाडी उठतो. "माल म्या तोलला. काटापट्टीवर माझी सही हाय. शेतकरी रोज मलाच इचारतो, पैसे कुठंयत." एवढं बोलून बसतो.

सभागृहात नुसता पंख्याचा आवाज. सभापती चष्मा काढून पुसतात. "नोटीस काढा. पैसे दिल्याच्या पावत्या येईपर्यंत नूतनीकरणाचा विषय राखून ठेवू. सूचक?"

मापाड्याचा हात वर.

"अनुमोदक?"

कुणी कपाच्या तळाशी बघतं, कुणी खिडकीबाहेर. मघाचे ते व्यापारी संचालक घसा खाकरतात, हात वर करतात. "लिहा माझं नाव."

सचिव लिहितात. विषय क्रमांक पाच, शेडचे पत्रे.