नॉरफकच्या जमीनदाराची वसंतवही

इंग्लंडच्या खेड्यातल्या बागेत वसंताची वर्दी सर्वांत आधी देतो तो स्नोड्रॉप. कडाक्याची थंडी पडली की या वीतभर झाडाची पानं मान टाकतात, ऊन आलं की पुन्हा ताठ होतात. मागोमाग रूक पक्षी घरटी बांधू लागतात, बेडूक डरावतात, हॉथॉर्नच्या कुंपणाला पालवी फुटते.

हे दरवर्षीच घडतं. पण नेमकं कधी? नॉरफक परगण्यातल्या स्ट्रॅटन स्ट्रॉलेस गावच्या रॉबर्ट मार्शम या वृक्षवेड्या जमीनदारानं १७३६ पासून त्याच्या तारखा टिपायला सुरुवात केली. पहिला स्नोड्रॉप, ओकचं पहिलं पान, कोकिळेची पहिली साद अशा सत्तावीस खुणा त्यानं ठरवल्या होत्या. १७८९ मध्ये रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात त्या छापून आल्या. पुढं त्याच्या वंशजांनी ही वही १९५८ पर्यंत चालवली. हौसेनं सुरू झालेल्या कामाला इतकं दीर्घायुष्य क्वचितच लाभतं! टिम स्पार्क्स आणि पीटर कॅरी यांनी १९९५ मध्ये या तारखा जुन्या तापमान-नोंदींशी ताडून पाहिल्या, तेव्हा हिवाळा-वसंतातली ऊब आणि पालवीच्या तारखा यांचं घट्ट नातं दिसून आलं.

मग जानेवारीत चार दिवस ऊन पडलं, की झाडं फसत का नाहीत? याचं एक उत्तर त्याच नॉरफकमध्ये, नॉरिचच्या जॉन इन्स सेंटरमध्ये मिळालं. कॅरोलाइन डीन यांनी मोहरीच्या कुळातल्या अ‍ॅराबिडॉप्सिस या तणावर काम केलं. त्यात ‘एफएलसी’ नावाचं जनुक फुलण्याला ब्रेक लावून बसतं. आठवडेच्या आठवडे थंडी खाल्ली, की हे जनुक हळूहळू गप्प होतं, आणि हवा उबदार झाल्यावरही गप्पच राहतं. झालेल्या थंडीचा हिशेब रोपाच्या पेशी असा ठेवतात. सफरचंदासारख्या झाडांच्या कळ्यांनाही आधी पुरेशी थंडी लागते आणि नंतर ऊब. यंत्रणा मात्र वेगळी.

अलीकडं ही ऊब लवकर येते आहे. केंब्रिजचे उल्फ ब्युंटगेन आणि सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये ब्रिटनमधल्या ४०६ वनस्पतींच्या चार लाखांहून अधिक नोंदी तपासल्या. १९८६ पर्यंतच्या सरासरीच्या तुलनेत १९८७ नंतर पहिली फुलं जवळपास महिनाभर आधी उमलत असल्याचं दिसलं. बागकाम करणाऱ्याला हे ऐकून बरं वाटेलही, पण बहर आधी आला म्हणून हिमकडाका आपली वेळ बदलत नाही. २०२१ मध्ये फ्रान्समध्ये मार्चअखेरच्या उबेनं फळबागा आणि द्राक्षमळे जागे झाले आणि एप्रिलच्या कडाक्यानं कोवळे कोंब करपले. शेतकऱ्यांनी रात्रभर बागांत शेकोट्या पेटवून पाहिल्या.

पक्ष्यांचं गणित आणखी अवघड. ओकची पालवी कोवळी असते तेव्हाच तिच्यावर अळ्यांचा सुकाळ असतो, आणि पिल्लांची भूक त्याच दिवसांत भागावी लागते. ऑक्सफर्डजवळच्या वायथम जंगलात १९४७ पासून ग्रेट टिट पक्ष्यांचा अभ्यास चालू आहे. तिथल्या माद्या गेल्या काही दशकांत अंडी घालण्याची वेळ सुमारे दोन आठवडे अलीकडे आणून अळ्यांशी बऱ्यापैकी जुळवून आहेत. त्या बारमाही तिथल्याच, त्यामुळं जंगलातला बदल त्यांना समोर दिसतो. पाइड फ्लायकॅचर मात्र पश्चिम आफ्रिकेतून येतो, आणि तिथून निघण्याची वेळ मुख्यतः दिवसाच्या लांबीवरून ठरवतो. युरोपातली पालवी लवकर फुटली, हे त्याला तिकडं कळणार कसं? नेदरलंड्समधल्या ज्या जंगलांत अळ्या सर्वांत लवकर येऊन संपतात, तिथं दोन दशकांत या पक्ष्यांची संख्या सुमारे ९० टक्क्यांनी घटल्याचं २००६ मध्ये प्रसिद्ध झालं.