माळावरची अनोळखी पाल

पाल म्हटली, कीं आपल्या घरांत दोनच गोष्टी आठवतात : एक पंचांगांतील पल्लीपतनाचें कोष्टक आणि दुसरी कोपऱ्यांतली केरसुणी. ती पाल कोणत्या जातीची, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं. गेल्या उन्हाळ्यांत बीड जिल्ह्यांतील प्रवासांत तो प्रश्न आम्हांस पडला, आणि त्याच्या उत्तरावर एका जिवाचें जगणें-मरणें अवलंबून होतें. म्हणून ती हकीकत येथें सांगतों.

पाटोदा तालुक्यांतील नायगांवचें मयूर अभयारण्य पाहून आम्हीं परतत होतों. १९९४ सालीं घोषित झालेलें हें अभयारण्य बालाघाटच्या डोंगररांगांत आहे. हा मुलूख वाळवंट नव्हे. परंतु पर्जन्यछायेंत सांपडलेला, काळ्या खडकाचा, खुरट्या गवताचा आणि काटेरी झुडपांचा आहे. दिवेलागणीस एका परिचित शेतकऱ्याच्या वस्तीवर थांबलों. बांधावरील वारुळाशेजारचा दगड मुलांनीं उलथला, तोंच खालून एक जाड अंगाची, ठिपक्याठिपक्यांची पाल निघाली आणि जागच्या जागीं स्तब्ध राहिली. वृद्ध यजमान काठी घेऊन धांवले.

"मागं सरा ! लई इखारी असती ती. चावली तर पाणी मागूं देत न्हाई."

माझा बारा वर्षांचा पुतण्या मध्यें उभा राहिला. "आजोबा, जरा थांबा. काका, ती कोण आहे तें आधीं पाहूं या ना !"

मीं यजमानांना विनविलें आणि विजेरीच्या उजेडांत आमची परीक्षा सुरू झाली. रंगावर फार भिस्त ठेवूं नये, हा पहिला नियम. कारण एकच पाल कधीं फिकी तर कधीं गडद दिसते. प्रथम डोळे पाहावे. महाराष्ट्राच्या कोरड्या प्रदेशांत बिबट्यासारख्या ठिपक्यांची एक पाल असते. तिला खऱ्या, मिटणाऱ्या पापण्या असतात, आणि बोटांखालीं चिकटण्याच्या पट्ट्या नसतात. आमच्या पालीला पापण्या नव्हत्या; डोळ्यांवर पारदर्शक आवरण होतें व तें ती जिभेनें पुसत होती. बोटांखालीं दुभंगलेल्या आडव्या पट्ट्या होत्या. म्हणजे ती घरांतल्या पालीच्याच प्रजातींतली, 'हेमिडॅक्टिलस' म्हणतात त्यांतली. या प्रजातीच्या चाळिसांहून अधिक जाती भारतांत आहेत.

नंतर पाठ पाहिली. घरांतल्या पिवळसर पालीची पाठ बहुतांशीं गुळगुळीत असते. हिच्या पाठीवर मात्र टोंकदार, त्रिपार्श्व दाण्यांच्या रांगा होत्या, आणि काळसर कडांचे पांढरे ठिपके आडव्या ओळींनीं मांडले होते. शेजारीं वारूळ होतेंच. या सर्व खुणा वारुळांतील पालीशीं जुळल्या. दोदँ या फ्रेंच शास्त्रज्ञानें १८०२ सालीं तिला 'त्रिएद्रस' हें नांव दिलें, तें या त्रिपार्श्व दाण्यांवरूनच.

"पण विषाचं काय ?" यजमानांनीं विचारलें. त्याचें उत्तर सोपें होतें : भारतांत एकही पाल विषारी नाहीं. उलट, ही वाळवी आणि किडे खाते, म्हणजे शेतकऱ्याचें कामच करते. आजोबांनीं काठी खालीं ठेवली. पुतण्यानें दगड हलक्या हातानें पूर्ववत् ठेवला आणि पाल त्याखालीं नाहींशी झाली.

घरीं आल्यावर पुतण्यानें वहींत मोठ्या अक्षरांत 'त्रिएद्रस' लिहिलें. तें मला खोडावें लागलें. २०१८ सालीं झीशान मिर्झा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं शरीररचना व जनुकें तपासून दाखविलें, कीं त्या एका नांवाखालीं अनेक जाती दडल्या होत्या. ज्या प्राण्यास विद्वान् दोनशें वर्षें एक समजत होते, त्याची नेमकी जात एका छायाचित्रावरून आपण कशी ठरवावी ? मुलगा हिरमुसला. मग त्यानें लिहिलें : "वारुळांतील पालींच्या गटांतली एक. जात ठरावयाची आहे." खालीं स्थळ, तारीख, वेळ, दगडाचें व वारुळाचें वर्णन आणि पाठ, डोळे व बोटें यांचीं छायाचित्रें जोडलीं. अशी नोंद तज्ज्ञांच्या उपयोगी पडते. मुंबईची १८८३ सालीं स्थापन झालेली नैसर्गिक इतिहास संस्था अशा नोंदींवरच वाढली.

मनांत शंकेची पाल चुकचुकणें आपण अशुभ मानतों. त्या संध्याकाळीं मात्र ती एका मुलाच्या मनांत चुकचुकली, म्हणूनच बांधावरची पाल वांचली. आपल्याही घरांतील मुलें केरसुणी उचलण्यापूर्वीं "ही कोण ?" असें विचारूं लागलीं, तर वडीलधाऱ्यांनीं त्यांना थोडा वेळ अवश्य द्यावा.