ताजी बिअर, नवापूरच्या अलीकडे

बारडोलीत सत्याग्रहाचा इतिहास आहे, मोठा सहकारी साखर कारखाना आहे, चहूकडे ऊस आहे. बार मात्र एकही नाही, मग नळावरची क्राफ्ट बिअर कुठून असणार? गंमत अशी, की बारडोलीत नळ बंद ठेवणारा आणि पुण्यात तो सुरू ठेवणारा कायदा मुळात एकच: 1949 चा मुंबई दारूबंदी कायदा. 1960 साली राज्यं वेगळी झाली, कायदा दोघांच्या वाट्याला आला. गुजरातने बंदी कडक ठेवली, तर महाराष्ट्राने परवान्यांचं दार उघडलं. त्यामुळेच पुण्यात बिअरचा ग्लास उचलणाऱ्याकडे आजही, कागदोपत्री तरी, मद्यसेवनाचा परवाना असावा लागतो. किती जणांकडे तो असतो, हे विचारू नये.

बारडोली भागातली दारूबंदी निव्वळ वरून लादलेली नव्हती. पालघरच्या किनाऱ्यावर कोळ्यांच्या वस्त्यांत सुरू झालेली देवीची चळवळ 1922 च्या अखेरीस सुरत जिल्ह्यातल्या आदिवासी गावांत पोचली. अंगात आलेली देवी दारू-ताडी सोडायला सांगे, पारशी दारूवाल्यांकडे कामाला जायला मना करी. पुढे 1930 मध्ये मिठाच्या सत्याग्रहात गांधीजींच्या सांगण्यावरून याच पट्ट्यात ताडीची झाडं तोडली गेली.

तेव्हा बारडोलीकराला ताज्या बिअरची चव घ्यायची तर पुणे-मुंबई गाठावी लागते. पुण्यात 2009 साली सुकेतू तळेकर आणि प्रतीक चतुर्वेदी यांनी ‘डूलली’ सुरू केली. ती महाराष्ट्रातली पहिली मायक्रोब्रुअरी. बिअर घडवायला ऑलिव्हर शाऊफ हा जर्मन ब्रुअर होता. नाव आपल्या नाशिकजवळच्या देवळालीवरून घेतलेलं. पुढे मुंढव्यात ‘इंडिपेंडन्स’, मग ‘एफिंगट’, ‘ग्रेट स्टेट एल वर्क्स’ अशी रांगच लागली. 2015 मध्ये डूललीने मुंबईत, अंधेरीतही टॅपरूम उघडली.

फरक नेमका कशात? बाटलीतली नेहमीची बिअर बहुधा लागर असते. ती गाळलेली, पाश्चराइझ केलेली, महिनोन्महिने टिकणारी. मायक्रोब्रुअरीची बिअर सहसा न गाळता, थंड टाकीतून थेट ग्लासात येते. तिच्यात यीस्ट जिवंत असतं, म्हणून ती गढूळ दिसते, आणि म्हणूनच लवकर संपवावी लागते.

पहिल्यांदा जाणाऱ्याने हेफेवायझन मागवावी. ही गव्हाची जर्मन बिअर. माल्टपैकी निम्मा तरी गव्हाचा, वर दाट पांढरा फेस. ग्लास नाकाशी नेला की पिकल्या केळ्याचा आणि लवंगेचा वास येतो. नवखा माणूस हमखास विचारतो, ‘यात केळं घातलंय का?’ केळं नसतं आणि लवंगही नसते. आंबताना यीस्टच हे दोन्ही गंध तयार करतं. कडवटपणा जेमतेम, त्यामुळे ‘बिअर कडू लागते’ म्हणणाऱ्यांचं मत इथेच बदलतं.

बेल्जियन विट तिची चुलत बहीण, पण तिच्यात खरोखर धने आणि संत्र्याची साल पडते. धने-जिऱ्यावर वाढलेल्या जिभेला ती परकी वाटत नाही. स्टाउट काळी, भाजलेल्या बार्लीमुळे कॉफीसारखी. पुण्याच्या पावसाळ्यात ती जास्त रुचते. आयपीएचं, म्हणजे इंडिया पेल एलचं, कौतुक फार होतं, पण हॉप्स या फुलांचा कडवटपणा पहिल्याच दिवशी झेपत नाही आणि मद्यार्कही सहसा जास्त असतो. तिच्याकडे सावकाश वळावं. बिअरच नको असेल तर सफरचंदाची सायडर, किंवा पुण्यातल्याच ‘मूनशाइन मीडरी’ची मधापासून आंबवलेली मीड.

फळ्यावरची यादी मोसमागणिक बदलते, त्यामुळे थेट मोठा ग्लास मागवू नये. बहुतेक ठिकाणी छोट्या ग्लासांचा सॅम्पलर मिळतो. फिक्या बिअरपासून गडद बिअरकडे जावं, नाहीतर स्टाउटनंतर हेफेवायझन पाण्यासारखी लागते. बाटलीच्या तुलनेत पैसे जास्त पडतात. एक कारण असं, की बार्लीचा माल्ट देशात मिळतो, हॉप्स मात्र बहुतांशी परदेशातून येतात.

काही टॅपरूम ‘ग्राउलर’ नावाच्या मोठ्या बाटलीत बिअर घरीही देतात. बारडोलीच्या पाहुण्याने तो मोह टाळलेला बरा. सुरत-भुसावळ मार्गावरचं नवापूर स्टेशन दोन राज्यांत विभागलेलं आहे. तिकीटखिडकी महाराष्ट्रात, स्टेशनमास्तर गुजरातेत. फलाटावर चार पावलं टाकली की हातातली बाटली गुन्ह्याचा पुरावा होते, आणि 2017 च्या दुरुस्तीनंतर गुजरातेत दारूच्या वाहतुकीला दहा वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.