विश्लेषण : काळ्या मातीच्या मुलखात ‘बॅरल कॅक्टस’ का सडतो? नांदेड-लातूरच्या गच्चीवर तो कसा जगवावा?

नांदेड किंवा लातूरमध्ये मे महिन्यात पारा ४२-४३ अंशांवर जातो, गच्चीवरचा गुलाब करपतो, मोगरा मान टाकतो. अशा वेळी रोपवाटिकेतला सोनेरी काट्यांचा गोल कॅक्टस पाहिला की ‘हे झाड आपल्याकडे नक्की जगेल’ असे वाटते. पाण्याची कटकट नाही, उन्हाची भीती नाही. प्रत्यक्षात हा कॅक्टस मे महिन्यात सहसा मरत नाही. तो मरतो ऑगस्टमध्ये, झड लागल्यावर. तेही वरून हिरवागार दिसत असताना, बुडातून सडून.

बॅरल कॅक्टस म्हणजे नेमके काय?

पिंपासारखा किंवा चेंडूसारखा गोल, उभ्या कड्यांचा आणि कड्यांवर काट्यांच्या रांगा असलेला कॅक्टस म्हणजे बॅरल कॅक्टस. या नावाखाली अनेक जाती येतात. आपल्याकडे विकला जातो तो बहुतेक वेळा ‘गोल्डन बॅरल’. जर्मन उद्योगपती आणि कॅक्टससंग्राहक हेर्मान ग्रुसन यांच्यावरून १८८६मध्ये त्याचे ‘एकायनोकॅक्टस ग्रुसोनी’ असे नामकरण झाले. २०१४मध्ये त्याला वेगळ्या प्रजातीत टाकून ‘क्रोएनलायनिया ग्रुसोनी’ म्हटले गेले. रोपवाटिकांत मात्र जुनेच नाव चालते. इंग्रजीत त्याला गमतीने ‘सासूबाईंची उशी’ म्हणतात. उशीवर बसायचे कोणी, हे सांगायला नको.

आपण मराठीत सरसकट ‘निवडुंग’ म्हणतो, तिथे थोडा घोळ आहे. बांधावरचा त्रिधारी निवडुंग, थोर, शेर हे कॅक्टस नव्हेत. ते युफोर्बिया कुळातले. मोडले की पांढरा चीक येतो आणि तो डोळ्यांत गेला तर घातक ठरतो. फड्या निवडुंग हा खरा कॅक्टस, पण तो अमेरिका खंडातून आलेला. कॅक्टसचे काटे कापसासारख्या छोट्या गादीतून फुटतात. गादी नसेल आणि चीक येत असेल, तर तो कॅक्टस नाही. ड्रॅगनफ्रूट हाही कॅक्टसच.

काळी माती का चालत नाही?

गोल्डन बॅरलचे मूळ घर मध्य मेक्सिकोतल्या केरेतारो आणि हिदाल्गो राज्यांतल्या खडकाळ, तीव्र उतारांवर आहे. तिथेही पाऊस उन्हाळ्यातच पडतो. म्हणजे त्याला पावसाचे वावडे नाही. फरक एवढाच, की तिथे पडलेले पाणी खडकांच्या फटींतून लगेच वाहून जाते आणि मुळे एक-दोन दिवसांत कोरडी होतात.

मराठवाड्याची काळी माती याच्या नेमकी उलट वागते. तिच्यातली चिकणमाती पाणी पिऊन फुगते, ते दिवसेंदिवस धरून ठेवते आणि वाळली की भेगाळते. कापसाला आणि सोयाबीनला हा गुण उपयोगी पडतो, कॅक्टसला तो मारतो. ओल्या मातीत मुळांना हवा मिळत नाही, बुरशी वाढते आणि सड बुडाकडे चढते. भेगा पडतात तेव्हा बारीक मुळे तुटतात, तो वेगळा त्रास. शेतातली ‘कसदार’ माती आणून कुंडी भरणे, ही या भागातली सर्वांत मोठी चूक.

उपाय महागडा नाही. मुरूम इथे सगळीकडे मिळतो. तो चाळून बारीक धूळ काढून टाकावी आणि वर उरलेले खडे घ्यावेत. दोन भाग असा मुरूम, भरड वाळू किंवा विटांचे बारीक तुकडे, एक भाग पोयटा आणि अर्धा भाग पूर्ण कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत, एवढे पुरते. ताजे शेणखत नको. मिश्रण मुठीत ओले करून दाबले तर गोळा होता कामा नये, हात उघडताच ते सुटले पाहिजे. कुंडी मातीचीच, न रंगवलेली, खाली भोक असलेली आणि झाडापेक्षा दोन-तीन बोटेच रुंद असावी. मोठ्या कुंडीत जास्त माती आणि म्हणून जास्त ओल राहते. कुंडीखाली ताटली ठेवू नये.

पाणी किती आणि कोणते?

‘आठवड्यातून एकदा’ हा नियम निरुपयोगी आहे. कुंडीत तळापर्यंत जाईल अशी बांबूची काडी खुपसून पाच मिनिटांनी काढावी. काडीला ओल लागली तर पाणी नाही. कोरडी निघाली की खालच्या भोकातून वाहीपर्यंत भरपूर द्यावे आणि पुन्हा काडी कोरडी निघेपर्यंत विसरून जावे. मार्च ते मे या काळात हे अंतर साधारण आठ-दहा दिवसांचे पडते, थंडीत महिन्याचे. उन्हाळ्यात पाणी संध्याकाळी, कुंडी निवल्यावर द्यावे. कॅक्टसची त्वचारंध्रेही रात्रीच उघडतात. दिवसा ती मिटलेली राहतात, म्हणूनच पाणी टिकते.

पावसाळ्यात कुंडी पत्र्याखाली किंवा खिडकीच्या छज्जाखाली सरकवावी, पण अंधारात नको. एक-दोन सरींनी काही बिघडत नाही. चार दिवसांची झड मात्र धोक्याची.

पाण्याचा दर्जाही महत्त्वाचा. एप्रिल २०१६मध्ये मिरजेहून सुमारे साडेतीनशे किलोमीटरवरून रेल्वेने पाणी आणावे लागलेल्या लातूरला पाण्याची किंमत वेगळी सांगायला नको. तिथे आणि आसपास अनेक घरे बोअरवर अवलंबून आहेत. बोअरचे पाणी जड असेल तर कुंडीच्या काठावर आणि मातीवर पांढरा थर जमतो. तो क्षारांचा असतो आणि मुळांना जाळतो. ‘आरओ’तून बाहेर पडणारे पाणी झाडांना घालण्याची सवय चांगल्या हेतूची आहे, पण त्या पाण्यात क्षार आणखी दाट झालेले असतात. कूलरच्या टाकीतल्या पाण्याचेही तेच. एसीच्या नळीतून ठिबकणारे पाणी मात्र जवळपास क्षारविरहित असते. पावसाचे पाणी बादलीत साठवून ठेवले तर सर्वांत उत्तम. एका मध्यम कुंडीला ऐन उन्हाळ्यातही महिन्याला दोन-तीन लिटर पुरतात.

ऊन हवे, मग डाग का पडतात?

रोपवाटिकेत ही रोपे हिरव्या जाळीखाली वाढतात. एप्रिलमध्ये आणून थेट गच्चीवर ठेवली की दक्षिण-पश्चिम बाजूला पिवळट-पांढरे चट्टे पडतात. हा उन्हाचा भाजलेला डाग; तो जात नाही. आधी दोन आठवडे फक्त सकाळचे ऊन द्यावे, मग हळूहळू वाढवावे. खरेदीच ऑक्टोबर-नोव्हेंबरात केली तर हा प्रश्न उरत नाही. उलट दिवाणखान्यात टेबलावर ठेवलेला कॅक्टस काही महिन्यांत वरून निमुळता, फिकट होऊ लागतो. तो ‘छान वाढतोय’ असे वाटते, पण ती उजेडासाठीची ओढाताण असते आणि बिघडलेला आकार परत येत नाही.

कीड आणि सड कशी ओळखावी?

काट्यांच्या बुडाशी पांढरा कापूस दिसला तर तो पिठ्या ढेकूण. कापूस शेतकऱ्यांना तो चांगला माहीत आहे. सर्जिकल स्पिरिटमध्ये कापसाची काडी बुडवून तो पुसून काढावा, आठवड्याने पुन्हा पाहावे. गादीवरचा मूळचा कापूस आणि कीड यांत गल्लत होते. कीड पुसली की चिकट लागते.

बुडाशी पृष्ठभाग तपकिरी होऊन बोट दाबल्यावर आत गेले तर सड सुरू झाली. झाड लगेच उपटून मऊ भाग स्वच्छ सुरीने कापावा, आतला गर डागविरहित दिसेपर्यंत. कापावर गंधकाची पूड लावून ते काही आठवडे सावलीत कोरडे ठेवावे. लहान रोपे कधीकधी वाचतात, मोठी क्वचितच. जुन्या झाडाचे बूड कडक राहून करडे-तपकिरी झाले असेल तर घाबरू नये, ते वयाचे लक्षण आहे.

विकत घेताना काय पाहावे?

डोक्यावर लाल-गुलाबी फूल असलेले छोटे कॅक्टस हातगाडीवर मिळतात. फूल कोरडे आणि कागदी लागले तर ते गोंदाने चिकटवलेले असते. गोल्डन बॅरलला पिवळी फुले येतात, पण सहसा पंधरा-वीस वर्षांनी. लाल-पिवळा गोळा असलेला ‘मून कॅक्टस’ ड्रॅगनफ्रूटच्या जातीच्या हिरव्या खुंटावर कलम केलेला असतो. गोळ्यात हरितद्रव्य नसल्याने तो खुंटाच्या जिवावर जगतो आणि बहुधा काही वर्षांतच संपतो.

लाखो कुंड्यांत असलेले हे झाड त्याच्या मूळ जागी मात्र विरळ झाले आहे. १९९०च्या दशकात मेक्सिकोतल्या झिमापान धरणाच्या पाण्याखाली त्याचा मोठा अधिवास गेला, उरलेली झाडे संग्राहकांनी उपटली. आययूसीएनच्या लाल यादीत ते ‘धोक्यात’ आहे. बाजारातली रोपे बियांपासून वाढवलेली असल्याने ती घेण्यात गैर काही नाही.

घरी आणल्यावर कुंडी बदलताना हातमोजे अपुरे पडतात. वर्तमानपत्राची जाड घडी पट्ट्यासारखी झाडाभोवती गुंडाळून दोन्ही टोके धरून उचलावे आणि नव्या कुंडीत लावल्यावर आठवडाभर पाणी देऊ नये. लहान मुले खेळतात त्या उंचीवर कुंडी ठेवू नये.