स्लायडर दिसतो, पण सरकत नाही

वाशीम जिल्ह्यातल्या आसेगावचा जून ते सप्टेंबरचा पाऊस पायथॉनच्या मॅटप्लॉटलिबमध्ये मांडायचा आणि खाली वर्ष बदलणारा स्लायडर ठेवायचा, असं समजा. स्लायडर उमटतो, पण माऊसने ओढला तर ढिम्म हलत नाही. एररही येत नाही. फंक्शनच्या आत बनवलेल्या स्लायडरला फंक्शन संपताच कोणी वाली उरत नाही, हे त्याचं कारण. माऊसच्या हालचाली कळवणारी यंत्रणा त्याचा फक्त दुबळा, म्हणजे वस्तूला मेमरीत धरून न ठेवणारा, संदर्भ ठेवते, म्हणून पायथॉन त्याला मेमरीतून झाडून टाकतो. पट्टीचं चित्र तेवढं आलेखाकडे शिल्लक राहतं. फंक्शनमधून स्लायडर रिटर्न करून एखाद्या व्हेरिएबलमध्ये धरून ठेवला, की तो मुकाट्याने चालतो.

माझ्या मते हा लायब्ररीचाच दोष. याला दोष का म्हणायचं, अधिकृत दस्तऐवजात स्लायडर धरून ठेवण्याची सूचना आहेच, असं कोणी म्हणेल. पक्के संदर्भ ठेवले तर नको असलेल्या वस्तू मेमरीत साचतील, हा आक्षेपही वाजवी आहे. पण पट्टी पडद्यावर असेपर्यंत तिचा स्लायडर नकोसा कसा ठरतो? शिवाय याच लायब्ररीत ॲनिमेशन एकदाही न दिसता नष्ट झालं, तर ठळक इशारा मिळतो. स्लायडरच्या वाट्याला तेवढंही येत नाही.