चहाचा पेला आणि तीन वर्षांची कैद

14 ऑक्टोबर 1890 रोजी पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये एक व्याख्यान झाले आणि त्यानंतर पाहुण्यांपुढे चहा-बिस्किटे आली. पाहुण्यांत महादेव गोविंद रानडे होते, बाळ गंगाधर टिळकही होते. कोणी चहा प्याले, कोणी यजमानांचा मान राखण्यापुरता पेला हातात घेऊन तसाच खाली ठेवला. या मंडळींना तिथे जमवण्यात गोपाळराव जोशींचा, म्हणजे डॉक्टर आनंदीबाईंच्या यजमानांचा, पुढाकार होता. पुढे हजर असलेल्यांची नावे ‘पुणे वैभव’ पत्रात छापून आली आणि शहरात ग्रामण्य, म्हणजे जातीबाहेर टाकण्याचा वाद, उभे राहिले. मिशनऱ्यांच्या हातचा चहा म्हणजे धर्म बुडाला! प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, रीतसर चौकशी बसली. आपण काशीला प्रायश्चित्त घेतले आहे, असे टिळकांनी सांगितले. रानड्यांनीही अखेर प्रायश्चित्त घेतले.

रानडे तेव्हा सरकारी न्यायाधीश होते. दुसऱ्यांना शिक्षा फर्मावण्याचा अधिकार असलेल्या माणसाला चहाच्या पेल्यासाठी मान तुकवावी लागली, आणि तीही ज्यांच्या हाती ना पोलीस होते ना तुरुंग, अशा लोकांपुढे. हे बळ येते कुठून?

समाजशास्त्रात याला अनौपचारिक सामाजिक नियंत्रण म्हणतात. पोलीस, न्यायालय, दंडसंहिता हे औपचारिक नियंत्रण. टोमणा, कुजबुज, हळदीकुंकवाचे न आलेले आमंत्रण, पंगतीत न वाढलेले पान हे अनौपचारिक. ‘सामाजिक नियंत्रण’ ही कल्पना रूढ केली अमेरिकी अभ्यासक एडवर्ड रॉस यांनी. त्यांचे या विषयावरचे पुस्तक 1901 चे. त्याआधी फ्रान्समध्ये एमिल द्युर्केम यांनी एक गमतीची कल्पना मांडली होती. निव्वळ संतांचा एक मठ घ्या. तिथे खून-दरोडे होणार नाहीत, पण बाहेर कोणी ज्याकडे ढुंकूनही पाहणार नाही असा बारीकसा प्रमाद तिथे महापातक ठरेल. पुण्यातला चहा आठवतो तो इथे.

हे नियंत्रण नुसते जाचाचे असते असेही नाही. खानदेशात पांझरेसारख्या नद्यांवरची फड पद्धत पाहा. कोणत्या फडात, म्हणजे शेतांच्या कोणत्या गटात, कोणते पीक, पाण्याची पाळी कोणाची, हे शेतकरी आपापसात ठरवत आणि पाटकरी पाणी सोडी. पाळी मोडणाऱ्याला रोज चारचौघांतच वावरायचे असे, तोच मोठा धाक. लोक काय म्हणतील, या तीन शब्दांवर कितीतरी गावे पिढ्यानपिढ्या चालली.

पण तेच हत्यार वाळीत टाकण्यासाठी उगारले, की त्याच्याइतके क्रूर दुसरे काही नाही. दुकानदार किराणा देत नाही, गिरणीवाला दळून देत नाही, मुलीला स्थळ येत नाही, मयताला खांदा द्यायला माणूस मिळत नाही. आणि यातले काहीच कोणी कागदावर लिहून देत नाही. मुंबई इलाख्यात सरकारनेही यातून अंग काढून घेतले होते. 1827 च्या नियमांनी दिवाणी न्यायालयांना जातीच्या प्रश्नांत हात घालण्यास मनाई केली. जात ज्याला बाहेर काढी, त्याला दाद मागायला सहसा दार उरत नसे.

हे सर्वांत स्पष्टपणे पाहिले ते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. मार्च 1927 मध्ये त्यांच्या नेतृत्वाखाली अस्पृश्यांनी महाडला चवदार तळ्याचे पाणी घेतले. कायद्याने हक्क मिळाला, तरी शेत आणि मजुरी ज्यांच्या हातात ते लोक तो हक्क एका दिवसात फोल करू शकतात, हे त्यांना पक्के ठाऊक होते. म्हणून गोलमेज परिषदेपुढे ठेवलेल्या मागण्यांत बहिष्कार हा गुन्हा ठरवावा, अशी मागणी त्यांनी घातली. मसुद्यासाठी त्यांनी आधार घेतला तो 1922 सालच्या ब्रह्मदेशातल्या बहिष्कारविरोधी कायद्याचा! पुढे जानेवारी 1943 मध्ये पुण्यात केलेल्या भाषणात त्यांनी मांडले, की समाजाचा जुलूम सरकारच्या जुलमापेक्षा अधिक दूरवर पोचतो. ते भाषण रानड्यांच्या जयंतीचे होते, हा योगायोग मला फार बोलका वाटतो.

कायद्याची वाट मात्र वाकडीतिकडीच राहिली. मुंबई सरकारने 1949 मध्ये बहिष्कारबंदीचा कायदा केला. दाऊदी बोहरा समाजाच्या धर्मगुरूंनी त्याला आव्हान दिले आणि 1962 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो चार विरुद्ध एक अशा बहुमताने रद्द केला. विरोधी मत होते खुद्द सरन्यायाधीश भुवनेश्वर प्रसाद सिन्हा यांचे. त्या निकालाच्या फेरविचाराचा प्रश्न 2023 मध्ये नऊ न्यायमूर्तींच्या पीठाकडे सोपवला गेला.

मधल्या काळात महाराष्ट्रात जातपंचायतींचे न्यायनिवाडे चालूच होते. 2013 मध्ये नाशिकमध्ये आंतरजातीय लग्न केलेल्या गरोदर मुलीचा बापानेच जीव घेतला आणि त्यामागचा जातपंचायतीचा दबाव उघड झाला. अंधश्रद्धा निर्मूलन समितीने जातपंचायतीला मूठमाती देण्याचे अभियान हाती घेतले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये समितीचे संस्थापक डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा खून झाला, पण अभियान थांबले नाही. गावोगावचे वाळीत पडलेले लोक पुढे येऊन बोलू लागले. रायगड जिल्ह्यातल्या गावकीच्या बहिष्कारांच्या बातम्या झळकल्या. 13 एप्रिल 2016 रोजी विधिमंडळाने सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा मंजूर केला आणि जुलै 2017 मध्ये तो लागू झाला. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. पंचायतीत बसून बहिष्काराच्या बाजूने कौल देणारा पंचही त्यात गुन्हेगार ठरतो.

अमेरिकी समाजशास्त्रज्ञ डोनाल्ड ब्लॅक यांनी 1976 मध्ये एक सूत्र मांडले: इतर नियंत्रण जिथे सैल तिथे कायदा जास्त, आणि ते जिथे घट्ट तिथे कायदा कमी. भावकी घट्ट असलेल्या गावात फौजदारी खटला उभा करणे का जड जाते, ते यातून कळते. साक्षीदाराला निकालानंतरही त्याच आळीत राहायचे असते. शिवाय दळण नाकारणाऱ्याला शिक्षा करता येते. वाळीत पडलेल्याच्या घरी चहाला जा, असे मात्र कोणत्याही न्यायालयाला कोणाला फर्मावता येत नाही.

तरीही कायदा हाताशी आहे. तुमच्या ओळखीच्या कोणाला वाळीत टाकले असेल, तर तो स्वतः किंवा त्याच्या घरचे कोणीही पोलीस ठाण्यात किंवा थेट न्यायदंडाधिकाऱ्याकडे तक्रार करू शकतात, एवढे त्यांना जरूर सांगा.