संदर्भांचे स्वल्पविराम आणि संशोधनाचे सत्य

शोधनिबंधाच्या अखेरीस बारीक टंकात छापलेली संदर्भसूची सहसा कोणी वाचत नाही. लेखक ती नाइलाजाने तयार करतो, परीक्षक तिच्यावरून नजर फिरवतो, आणि संपादकीय कचेरी मात्र स्वल्पविराम चुकला म्हणून हस्तलिखित परत पाठविते. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१० च्या नियमावलीत प्रकाशित लेखांची गुणांकात मोजदाद सुरू केल्यापासून तालुक्याच्या महाविद्यालयातील अध्यापकालाही शोधपत्रिकांची दारे ठोठावणे भाग पडले. त्याचे कित्येक दिवस आशयाऐवजी कंस, पूर्णविराम आणि तिरपे टंक यांच्या जुळवाजुळवीत खर्च होतात. ही शिस्त मुळात कशासाठी आहे, याचा विचार त्यामुळेच करावयास हवा.

संदर्भ म्हणजे लेखकाने वाचकास दिलेली पडताळणीची सनद होय. तिचे महत्त्व समजण्यासाठी पुणे जिल्ह्यातीलच एक उदाहरण पुरेसे आहे. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. हॅरल्ड मान यांनी पिंपळे सौदागर या गावाची पाहणी करून १९१७ मध्ये तिचा वृत्तांत प्रसिद्ध केला. या गावातील सरासरी जमीनधारणा १७७१ मध्ये ४० एकर होती, ती १९१४-१५ पर्यंत ७ एकरांवर आली, असे त्यांनी दाखविले. हा दाखला पुढे अर्थशास्त्राच्या क्रमिक पुस्तकांतून पिढ्यान्‌पिढ्या फिरत राहिला. तो ज्या लेखनात गावाच्या नावानिशी, सालानिशी आणि मूळ ग्रंथाच्या निर्देशासह येतो, तेथे तो एका गावाचा प्रामाणिक पुरावा असतो. ज्या लेखनात तो ‘एका पाहणीनुसार’ एवढ्याच आधारावर अवतरतो, तेथे तोच आकडा साऱ्या दख्खनचा, किंबहुना साऱ्या देशाचा होऊन बसतो. आकडा खोटा नसतो. त्याचा पत्ता हरवलेला असतो.

आज कोणी भोर तालुक्यातील कामथडीसारख्या गावाची अशीच पाहणी करू म्हणेल, तर त्याच्यापुढे पहिला प्रश्न संदर्भाचाच उभा राहील. सातबारा, फेरफार नोंदी, ग्रामपंचायतीची दप्तरे आणि जनगणनेच्या पुस्तिका ही त्याची साधने होत. परंतु १९४७ च्या जमीन एकत्रीकरण कायद्याखालील योजना जेथे अमलात आली, तेथे जुन्या सर्व्हे क्रमांकांची जागा गट क्रमांकांनी घेतली. भोर संस्थान १९४८ मध्ये मुंबई प्रांतात विलीन झाले, त्यामुळे संस्थानी मुलखातील कागद आणि नंतरचे कागद यांची दप्तरे व पद्धती निराळ्या. शेजारच्या वेल्हे तालुक्याला राजगड हे नाव देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने २०२४ मध्ये घेतला. अशा स्थितीत ‘महसूल दप्तर’ एवढाच संदर्भ देणाऱ्या अभ्यासकाने काहीच सांगितलेले नसते. कोणत्या कचेरीतील, कोणत्या वर्षाचा, कोणत्या क्रमांकाचा कागद कोणत्या तारखेस पाहिला, हे नोंदविले तरच पन्नास वर्षांनी येणारा अभ्यासक त्याच शेताच्या बांधावर उभा राहू शकेल.

तथापि प्रचलित शैलीपुस्तिकांत या कागदांना सोयीची जागा नाही. शिकागो विद्यापीठाच्या मुद्रणालयाची पुस्तिका १९०६ पासूनची. अमेरिकी मानसशास्त्र परिषदेच्या पद्धतीचा आरंभ १९२९ मधील. त्या त्या विद्याक्षेत्राची आणि भाषेची गरज भागविण्यासाठी त्या निर्माण झाल्या, यात गैर काही नाही. गैर आहे ते त्यांचे मराठीवर जसेच्या तसे आरोपण. देवनागरीत मोठी व लहान अक्षरे असा भेद नाही, आणि तिरप्या टंकाची परंपराही क्षीण आहे. धनंजय रामचंद्र गाडगीळ हे नाव इंग्रजी सूचीत आडनाव आणि दोन आद्याक्षरे एवढेच उरते. ‘लक्ष्मीज्ञान’ लिहिणारे लोकहितवादी ‘लो’ या अक्षराखाली शोधावयाचे की गोपाळ हरी देशमुख म्हणून ‘दे’ खाली? जुन्या पुस्तकावर केवळ शक असेल, तर इसवी सन काढताना ७८ मिळवावयाचे की ७९, हे महिन्यावर अवलंबून असते. मराठी व इंग्रजी साधने एकाच सूचीत आली, तर क्रम कोणत्या वर्णमालेचा? हे प्रश्न क्षुल्लक नव्हेत. त्यांची उत्तरे निश्चित नसल्यामुळे अनेक अभ्यासक मराठी साधन वापरूनही त्याचा निर्देश टाळतात, आणि त्या साधनाचे श्रेय व अस्तित्व दोन्ही पुसले जाते.

बाह्य रूपाच्या या आग्रहाने संशोधनाचा दर्जा तरी राखला गेला काय? याचे उत्तर पुण्यातूनच मिळाले. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातील अभ्यासकांच्या पुढाकाराने झालेली एक तपासणी २०१८ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये प्रसिद्ध झाली. आयोगाच्या मान्य यादीत विद्यापीठांच्या शिफारशीने आलेल्या आणि अन्यत्र सूचिबद्ध नसलेल्या ज्या नियतकालिकांची छाननी झाली, त्यांपैकी ८८ टक्क्यांहून अधिक निकृष्ट असण्याची शक्यता तीत दिसून आली. त्याच वर्षी मे महिन्यात आयोगाने यादीतून ४,३०५ नियतकालिके वगळली. पुढे ‘केअर’ यादी आली आणि २०२५ मध्ये तीही बंद करून निवडीची जबाबदारी शिक्षणसंस्थांवर सोपविण्यात आली. वाङ्मयचौर्यविरोधी नियम २०१८ मध्ये लागू झाले. साम्याची टक्केवारी यंत्र मोजू लागले. परंतु उसने घेतलेले शब्द यंत्रास सापडतात. न वाचलेल्या ग्रंथाचा दिलेला हवाला त्या टक्केवारीत दिसत नाही. स्वल्पविराम अचूक असलेली सूचीही असत्य असू शकते.

वास्तविक महाराष्ट्राला ही शिस्त परकी नाही. वि. का. राजवाडे यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड १८९८ मध्ये प्रसिद्ध केला, तो अस्सल कागदावाचून इतिहास नाही या निष्ठेपोटी. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ मध्ये आरंभिलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९६६ मध्ये पूर्ण झाली. तिच्या पानोपानी कोणता पाठ कोणत्या पोथीत आढळतो याची नोंद आहे. त्या नोंदी करणाऱ्यांसमोर कोणतेही गुणांक नव्हते. आपला निर्णय उद्याच्या वाचकाला तपासता यावा, एवढीच त्यामागील बुद्धी होती.

यातून मार्ग काढणे कठीण नाही. संपादकांनी पहिल्या टप्प्यावर संदर्भ पूर्ण आणि खरा आहे एवढेच पाहावे. ठरावीक साच्याचा आग्रह लेख स्वीकारल्यानंतर धरावा. झोटेरोसारखी विनामूल्य संगणकीय साधने २००६ पासून उपलब्ध आहेत; साचा बदलण्याचे बरेचसे काम ती करतात. विद्यापीठे आणि मराठीतील विषयवार परिषदा यांनी एकत्र बसून मराठी संदर्भांची एक सुटसुटीत पद्धत ठरवावी : लेखकाचे पूर्ण नाव, टोपणनावाचा जोडनिर्देश, शक व इसवी सन दोन्ही, आणि सरकारी कागदांसाठी कचेरी, क्रमांक व पाहिल्याची तारीख. परीक्षकांनी प्रत्येक निबंधातील चार-पाच संदर्भ मुळाशी जाऊन ताडून पाहावेत. आणि पदवीच्या वर्गातच विद्यार्थ्यास ग्रंथालयात नेऊन एक आकडा त्याच्या उगमापर्यंत शोधावयास लावावा.

हे न झाल्यास तोटा एकट्या अध्यापकाच्या पदोन्नतीचा नाही. गावाच्या जमिनीविषयी, पाण्याविषयी, मजुरीविषयी जी विधाने आज छापली जातात, त्यांवरच उद्याच्या योजना बेतल्या जाणार आहेत. त्या विधानांचा माग कामथडीच्या शेतकऱ्याच्या मुलाला स्वतः घेता आला पाहिजे, आणि ती चुकीची असल्यास तसे पुराव्यानिशी म्हणता आले पाहिजे. संदर्भाचा खरा उपयोग हाच आहे.